लकव्यानंतर हाताच्या सुधारणेसाठी रोबोटिक उपचार : आमच्या आवाक्यातला पर्याय कोणता?

प्रश्न – चोपडेकर

सर्वांना नमस्कार. चोपडा तालुक्यात आमची केळीची शेती आहे. वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, नऊ आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचे वय 61 आहे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणे पहिल्या आठवड्यातच बरेचसे परतले, पाय महिनाभरात सावरला आणि आता काठीच्या आधाराने ते ओट्यापर्यंत जाऊन येतात. हात मात्र मागे राहिला आहे. खांदा थोडा उचलतात, कोपर वाकवतात, मूठ वळते. पण वळलेली मूठ उघडायची म्हटले की डाव्या हाताने एकेक बोट सोडवावे लागते.

आठवड्यातून दोनदा त्यांना जळगावला फिजिओथेरपीसाठी नेतो. एसटीने जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि प्रत्यक्षात हाताच्या वाट्याला वीसच मिनिटे येतात, कारण उरलेला वेळ चालण्याच्या सरावात जातो. मागच्या आठवड्यात एका नातेवाइकांनी दूरच्या एका मोठ्या शहरातील केंद्राची माहिती आणली. तेथे रोबोटच्या साहाय्याने हाताचा व्यायाम करून घेतात. वीस सत्रांचे चाळीस हजार रुपये सांगितले आहेत. शिवाय महिनाभर तेथे खोली घ्यावी लागेल आणि आई किंवा मी सोबत राहावे लागेल. त्याच नातेवाइकांनी इंटरनेटवर मिळणारा, हवेच्या नळ्यांनी बोटांची उघडझाप करणारा एक हातमोजाही दाखवला. तो काही हजारांत येतो.

नानांसाठी खर्च करायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही. पण कर्ज काढून महिनाभर शेत सोडून जायचे, तर त्या यंत्राने नेमके काय मिळते हे आधी समजून घ्यावेसे वाटते. जे काम यंत्र करते ते कमी खर्चात इकडे खानदेशातच होऊ शकते का? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 – फिजिओ, धुळे

चोपडेकर भाऊ, मी धुळ्यात गेली सोळा वर्षे फिजिओथेरपी करतो. माझ्याकडे रोबोट नाही, तेव्हा माझ्या मतात थोडा पूर्वग्रह असू शकतो हे आधीच सांगून ठेवतो.

रोबोट म्हटले की यंत्र हाताला बरे करते अशी समजूत होते. वस्तुतः ते रुग्णाचा हात ठरलेल्या दिशेने न्यायला मदत करते, पडद्यावरच्या खेळातून त्याला लक्ष्य देते आणि न कंटाळता तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेते. मेंदूचा जो भाग वाचला आहे त्याला ही हालचाल नव्याने शिकायची असते आणि शिकण्याला आवर्तने लागतात. येथेच आमचा व्यवसाय उघडा पडतो. अमेरिका आणि कॅनडातील केंद्रांमध्ये प्रत्यक्ष बसून मोजणी केली गेली, तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. हातावर काम झालेल्या एका सत्रात उपयोगी हालचालींची सरासरी आवर्तने निघाली फक्त 32. रोबोटवर एका सत्रात हजाराच्या आसपास हालचाली होतात. नानांच्या वीस मिनिटांत किती होतात, हे पुढच्या खेपेला तुम्हीच मोजून पाहा. आकडा पाहून तुमच्या फिजिओवर रागावू नका; आमच्यापैकी बहुतेकांची गत तीच आहे.

आता निकालांविषयी. या यंत्रांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतील एमआयटी संस्थेत तयार झालेला एमआयटी-मॅनस. त्याची अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये 127 रुग्णांवर चाचणी झाली, ती 2010 साली प्रसिद्ध झाली. झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या या रुग्णांना 12 आठवड्यांत 36 सत्रे दिली. बारा आठवड्यांच्या शेवटी रोबोटचा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा ठोसपणे पुढे गेलेला नव्हता. 36 आठवड्यांनी थोडा पुढे दिसला. पण माणसाने तितक्याच तीव्रतेने सराव करून घेतलेल्या गटाहून रोबोटचा गट सरस ठरला नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये रॅटुल्स नावाची मोठी चाचणी झाली. तीत 770 रुग्ण होते. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी 45 मिनिटे, असे 12 आठवडे उपचार दिले आणि 2019 साली निकाल आला. ठरवलेल्या निकषावर रोबोटच्या गटात 44 टक्के, हाताचा जादा सराव माणसाकडून मिळालेल्या गटात 50 टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात 42 टक्के रुग्ण यशस्वी ठरले. हे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे नव्हते आणि खर्चाच्या हिशेबातही रोबोट परवडणारा ठरला नाही. उलट, 2018 सालच्या कॉक्रन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, 45 चाचण्यांमधील 1619 रुग्णांचे निकाल एकत्र पाहिल्यावर हाताची ताकद, वापर आणि दैनंदिन कामे यांत सुधारणा दिसली. मात्र ती रुग्णाला जाणवेल एवढी असते का, हा प्रश्न आढावा घेणाऱ्यांनीच उपस्थित केला.

या सगळ्याचा मी असा अर्थ लावतो की यंत्राची किंमत त्याच्या मोटरमध्ये नसून त्याने करून घेतलेल्या जादा आवर्तनांमध्ये आहे. अमेरिकेत त्या 127 रुग्णांच्या चाचणीचा हिशेब मांडला तेव्हा रोबोटची सत्रे माणसाच्या तेवढ्याच तीव्र सत्रांपेक्षा स्वस्त पडली, कारण तिकडे माणसाचा तास महाग आहे. आपल्याकडे हे गणित उलटे फिरते. चाळीस हजार आणि खोलीभाडे यांत एखादा तरुण फिजिओ तुमच्या घरी किती दिवस येईल, हे चोपड्यात विचारून पाहा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नानांची बोटे. नेदरलँड्समधील एका अभ्यासात असे आढळले की झटक्यानंतर 72 तासांच्या आत ज्यांची बोटे थोडीशी उघडत होती आणि खांदा बाजूला उचलला जात होता, त्यांच्यापैकी जवळपास सर्वांच्या, म्हणजे 98 टक्के रुग्णांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतले. नववा आठवडा चालू असताना हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. खूण मात्र तीच पाहायची. नानांना खुर्चीवर बसवा, उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवा, मनगट किंचित खाली झुकलेले असू द्या आणि बोटे सैल पडल्यावर ती वर उचलायला सांगा. एखादे बोट तिळभर जरी हलले, तरी येथे लिहा. माझा सल्ला त्यावर ठरेल.

तो हवेचा हातमोजा तूर्त घेऊ नका. रुग्ण टीव्ही पाहत बसतो आणि मोजा बोटे हलवत राहतो, यात मेंदू काहीच शिकत नाही. सांधे आखडू नयेत यासाठी तो कदाचित कामी येईल, पण ते काम आईच्या हातांनीही होते.

उत्तर 2 – अमळनेरची सून

दादा, तुमचा प्रश्न वाचून तीन वर्षांपूर्वीचे आमचे घर डोळ्यांसमोर आले. सासूबाईंना डाव्या अंगाला लकवा झाला होता. रोबोटचा उपचार आम्ही घेतला आहे, म्हणून लिहिते. पुण्यात नणंद राहते, त्यामुळे खोलीचा खर्च नव्हता. पंधरा सत्रे झाली. पडद्यावर टोपलीत फळे टाकायचा खेळ असे आणि सासूबाई तो अगदी ईर्ष्येने खेळत. घरी व्यायाम म्हटले की “आता नको गं” म्हणणारी बाई तेथे पाऊण तास बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोपर आणि खांदा निश्चितपणे मोकळे झाले. पण परत आल्यावर त्या हाताने पदर सावरता येईना, कारण यंत्राने पंजाला काही शिकवलेलेच नव्हते. यंत्र हाताच्या कोणत्या भागासाठी आहे हे आम्ही विचारलेच नाही, ही आमची चूक. तुम्ही आधी विचारा.

त्याहून मोठी चूक त्याआधी, पहिल्याच महिन्यात झाली होती. त्यांना खाटेवरून उठवताना आम्ही लकवा झालेल्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढत असू. तो खांदा सैल पडलेला असतो हे कोणी सांगितलेच नव्हते. खांदा इतका दुखायला लागला की तीन आठवडे हाताला स्पर्श करू देईनात आणि सरावाचे ऐन दिवस वाया गेले. नानांना उठवताना कमरेला आधार द्या आणि बसवल्यावर हात उशीवर टेकवलेला असू द्या.

पंजाचे काम शेवटी घरीच झाले. आमच्या येथील फिजिओताईंनी एक युक्ती सांगितली. दोन वाट्या घ्यायच्या, एकीत पन्नास चिंचोके. वस्तू पकडून सोडण्याची एक हालचाल झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाली की पन्नास झाले. कोणी मोजत बसायला नको आणि “झाले माझे” म्हणून फसवताही येत नाही. सकाळी दोन वाट्या, दुपारी दोन, संध्याकाळी एक. पुढे भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कापसाच्या वाती वळणे, भरताची वांगी पुसून परातीत मांडणे अशी कामे दिली. वाती वळायला जवळपास पाच महिने लागले. भाकरी अजून एका हातानेच थापतात, तेव्हा सगळे परत आले असे मी म्हणणार नाही.

उत्तर 3 – यंत्रशिक्षक, भुसावळ

मी तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. वैद्यकीय अधिकार माझा नाही, म्हणून यंत्रापुरतेच लिहितो आणि शेवटी एक शंका मांडतो.

हातमोजा आणि उपचाराचा रोबोट यांच्यातील फरक किमतीहून मोठा आहे. मोज्यात एक हवेचा पंप असतो, तो ठरलेल्या वेळाने नळ्या फुगवतो आणि रिकाम्या करतो; रुग्ण प्रयत्न करतो आहे की झोपला आहे हे त्याला कळत नाही. काही मोज्यांना निरोगी हातात घालायचा जोडमोजा मिळतो आणि त्या हाताच्या हालचालीची नक्कल होते. ते थोडे बरे, तरी दुखावलेल्या हाताचा प्रयत्न त्यातही मोजला जात नाही. चांगल्या रोबोटला मात्र हाताने ढकलले तर तो सहज मागे सरकतो, रुग्णाने किती जोर लावला हे ओळखतो आणि अडेल तेथेच आधार देतो. आधार फार दिला तर रुग्ण आपोआप आळशी होतो, म्हणून तो हळूहळू कमी करावा लागतो. हे साधण्यासाठी चांगली मोटर, संवेदक आणि नियंत्रणाचा आज्ञावलीसंच लागतो आणि परदेशी यंत्रांची किंमत तेथेच चढते.

आपल्या देशात स्वस्ताईचे काही प्रामाणिक प्रयत्न झाले आहेत. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी प्लूटो नावाचे टेबलावर मावणारे यंत्र तयार केले. त्यात मोटर एकच आहे; हातात धरायच्या मुठी बदलायच्या की तेच यंत्र कधी मनगट वरखाली करण्याचा, कधी तळहात पालथा-उताणा करण्याचा, तर कधी पंजा उघडमीट करण्याचा सराव देते. एका मोटरमध्ये अनेक कामे भागवण्याची ही कल्पना मला शिक्षक म्हणून फार आवडली. आपला शेतकरी एकाच इंजिनावर पंपही चालवतो आणि कडबा कापायचे यंत्रही, त्यातलाच हा प्रकार. आयआयटी दिल्ली आणि एम्स यांनी मनगट व बोटांसाठी बाहेरून बसवायचा सांगाडा केला आहे. रुग्णाच्या स्नायूत उठणारा क्षीण विद्युतसंकेत मिळाला, तरच तो हलतो, म्हणजे प्रयत्न रुग्णालाच करावा लागतो. त्याच्या एका लहान चाचणीचे निकाल 2021 साली प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या आयआयटीतून पुढे आलेल्या एका कंपनीचे आर्मएबल नावाचे खेळाधारित यंत्रही आहे. अशी यंत्रे एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात ठेवून एका फिजिओच्या नजरेखाली तीन-चार रुग्णांनी एकाच वेळी वापरली, तरच “परवडणारे” हा शब्द खरा ठरेल. एका घराने एक यंत्र विकत घ्यायचे म्हटले, तर ते आजही जड जाईल.

माझे काही विद्यार्थी आठशे रुपयांच्या मोटरवर असे यंत्र करून देण्याचा उत्साह दाखवतात. कृपया अशा घरगुती यंत्राला नानांचा हात बांधू नका. हात ताठरलेला असताना मोटर न थांबता ओढत राहिली, तर सांध्याला इजा होते.

आता शंका. ताईंच्या अनुभवाचा आदर आहेच. पण घरच्यांनी करून घेतलेल्या सरावाची भारतातच मोठी चाचणी झाली आहे. अटेंड नावाच्या त्या चाचणीत देशातील 14 रुग्णालयांतील 1250 रुग्ण होते, निकाल 2017 साली आला आणि कुटुंबीयांना शिकवून घरी केलेल्या पुनर्वसनाचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. रोबोटला जो निकष लावला तोच घरच्या सरावालाही लावायला नको का?

उत्तर 4 – फिजिओ, धुळे

सर, शंका रास्त आहे आणि मी ती टाळणार नाही. अटेंडमध्ये मोजले गेले ते सहा महिन्यांनंतरचे एकंदर परावलंबित्व आणि मृत्यू. तो केवळ हाताच्या सरावाचा कार्यक्रम नव्हता. हातापुरता विचार केला तर कॅनडात ग्रास्प या नावाने एक गृहपाठ तयार झाला. पुस्तिका, साध्या स्वस्त वस्तूंची पिशवी आणि रोजच्या सरावाची नोंद, एवढाच त्याचा पसारा. रुग्णालयात असलेल्या 103 रुग्णांवर चार आठवडे त्याची चाचणी झाली, 2009 साली ती प्रसिद्ध झाली आणि गृहपाठ केलेल्यांचा हात अधिक सुधारला. फरक कोठे पडला असेल? माझ्या मते, रुग्णाची पातळी पाहून व्यायाम निवडणे, रोजचा तास ठरवून देणे आणि फिजिओने नियमितपणे नोंद तपासून व्यायाम कठीण करत नेणे, यांत. “घरी करत जा” एवढे सांगून सोडले, तर घरी काहीच होत नाही, हे मी रोज पाहतो.

चोपडेकर भाऊ, बोटांचे काय?

प्रश्नकर्ता – चोपडेकर

सर्वांचे मनापासून आभार. धुळ्याच्या फिजिओंनी सांगितले तसे आज सकाळी करून पाहिले. पहिल्या दोन वेळा काहीच झाले नाही. तिसऱ्या वेळी मधले बोट आणि त्याच्या शेजारचे पहिले बोट किंचित वर आले, आईलाही दिसले. अंगठा हलला नाही. मनगट थोडे वर उचलता येते. नाना स्वतः बराच वेळ त्या बोटांकडे पाहत बसले होते.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे केंद्रालाही फोन केला. यंत्र खांदा आणि कोपरासाठी आहे, पंजासाठी नाही, असे उत्तर मिळाले. एका सत्रात किती हालचाली होतात हे विचारल्यावर “रुग्णावर अवलंबून आहे” असे सांगितले. उपचारांआधी आणि नंतर मोजमाप करून लेखी देता का, असेही विचारले. त्यावर समोरच्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारून कळवते म्हटले आणि दोन दिवस झाले तरी फोन आलेला नाही. चोपड्यात घरी येणारा एक तरुण फिजिओ मिळाला आहे, तो आठवड्यातून चार दिवस येण्यास तयार आहे. महिन्याचा त्याचा खर्च त्या केंद्राच्या निम्म्याहून कमी होतो. एक अडचण अशी की चिंचोके फारच बारीक आहेत, नानांच्या चिमटीत येत नाहीत.

उत्तर 5 – फिजिओ, धुळे

दोन बोटे उचलली जातात ही चांगली खूण आहे. खांदा-कोपराच्या यंत्रासाठी महिनाभर परगावी राहण्याचे मला कारण दिसत नाही. नानांची अडचण पंजात आहे आणि ते यंत्र पंजाला हातच लावणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहून जितकी साथ देतो तितकी पुढे देत नाही, तुमचे नऊ आठवडे गेले आहेत, तेव्हा तो तरुण फिजिओ उद्यापासूनच येऊ द्या.

चिंचोके फक्त मोजण्यासाठी आहेत. ते आईने किंवा नानांनी डाव्या हाताने टाकायचे. उजव्या हाताला प्रथम मोठी आणि मऊ वस्तू द्या. घडी केलेला हातरुमाल, मग लिंबू, मग सुपारी, असे उतरत जा. पकडण्यापेक्षा सोडण्यावर भर द्या, कारण मूठ त्यांना येतेच आहे. सुरुवातीला दिवसाला शंभर हालचाली पुरेत, दुखले नाही तर आठवड्याला पन्नासने वाढवा. डावा हात मोज्यात बांधून उजव्याकडूनच कामे करून घेण्याची जी पद्धत आहे, ती आत्ता सुरू करू नका. तिच्यासाठी मनगट साधारण 20 अंश आणि बोटे 10 अंश तरी वर यावी लागतात. तोवर आरशाचा व्यायाम, म्हणजे चांगल्या हाताचे आरशातले प्रतिबिंब पाहत करायचा सराव, त्या तरुण फिजिओकडून शिकून घ्या, त्याला घरातला आरसा चालतो.

जळगावच्या फिजिओंकडून या आठवड्यातच फुगल-मेयर मापन, म्हणजे हालचाल किती परतली याची गुणांत मोजणी, करून घ्या. हाताचे ते 66 गुणांपैकी असते. यंत्रे आणि गोळ्या लागत नाहीत, अर्ध्या तासात होते. चार आठवड्यांनी त्याच व्यक्तीकडून पुन्हा करून घ्या. पाचच्या आसपास गुण वाढले असतील तर आहे तेच चालू ठेवा. काहीच वाढले नाहीत, किंवा तळहात आणि बोटे घट्ट होत चालली, तर ताठरपणासाठी इंजेक्शन लागेल का हे न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि त्या वेळी पंजासाठीचे यंत्र असलेले केंद्र शोधू. ते कोठे आहे हे मीही विचारून ठेवतो. हाताच्या नादात रक्तदाबाची गोळी चुकू देऊ नका आणि सराव सुरू करण्यापूर्वी खांदा दुखतो का हे रोज विचारा.

प्रश्नकर्ता – चोपडेकर

मापनासाठी गुरुवारी जळगावला जात आहोत. तो मुलगा शुक्रवारपासून येणार आहे. आकडे मिळाले की येथेच लिहीन.